घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर युनिक्स शिकायला सुरुवात कशी करावी?

घरी विंडोजवाला जुना डेस्कटॉप, रॅम ४ जीबी, आणि मित्र म्हणतो उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाक, असं तुम्ही लिहिलंय. मित्राचं चुकत नाही. पण उबुंटूत बहुतेक सगळं माऊसने होतं, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायची वेळच येत नाही. शिकायचंच असेल तर मी फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सांगेन. १९९३ मध्ये आलेली, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सची थेट वारस, आणि फुकट.

आधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा. छोटी साटा एसएसडी घ्या, १२० जीबीची पुष्कळ झाली. विंडोजच्या डिस्कची केबल काढून ही लावा. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम नांदवायचा खटाटोप पहिल्याच दिवशी नको. घरच्यांचे फोटो गेले तर युनिक्सचं नाव काढायची सोय राहणार नाही.

केबल काढायच्या आधीच, विंडोज चालू असताना, फ्रीबीएसडीची मेमस्टिक इमेज (पेनड्राइव्हसाठीची इन्स्टॉलर फाइल) रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. मग त्या पेनड्राइव्हवरून बूट करा, विचारेल तशी उत्तरं देत जा. फाइलसिस्टिमला (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीला) मात्र ४ जीबी रॅमवर झेडएफएसऐवजी यूएफएस घ्या. युजर बनवताना आणखी कुठल्या ग्रुपात घालू असं विचारलं की ‘व्हील’ (wheel) लिहा, नाहीतर पुढे ‘एसयू’ (su) कमांड देऊन रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होता येत नाही.

खरी डोकेदुखी वायफायची. स्वस्तातले बरेच डोंगल चालत नाहीत, दुकानदार ‘सब चलेगा’ म्हणाला तरी. राउटरपासून लॅनची वायर ओढा. भाड्याच्या खोलीत तेही जमत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक फोन चालतात.

मग काळा पडदा आणि नुसतं ‘लॉगिन’. काही बिघडलेलं नाही, खिडक्या-माऊसवाला डेस्कटॉप नंतर ‘पीकेजी’ (pkg) या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने टाकायचा असतो. तो लगेच टाकू नका, थोडे दिवस असंच काढा. ‘मॅन हायर’ (man hier) ही कमांड देऊन मॅन्युअलचं ते पान वाचा, कुठल्या डिरेक्टरीत काय असतं ते कळेल. ‘आरसी डॉट कॉन्फ’ (/etc/rc.conf) उघडा: मशीनचं नाव, नेटवर्क, सुरू होताना काय काय चालू करायचं, सगळं त्या एका साध्या फाइलीत. फाइल बदलायला व्हीआय (vi) एडिटर झेपत नसेल तर ‘ईई’ (ee) एडिटर आहेच. बंद करताना ‘शटडाउन’ला ‘एच’ नाही, ‘पी’ द्या (shutdown -p now). ‘एच’ने सिस्टिम थांबते, पण पंखा फिरतच राहतो.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे धडे बघा. ‘एलएस’ (ls), ‘ग्रेप’ (grep) या कमांड आणि कमांड जोडणारा पाइप (|) फ्रीबीएसडीतही तसेच चालतात. डिस्कची आणि नेटवर्क कार्डांची नावं तेवढी वेगळी दिसतील.