हिशेब मांडा : ‘पन बोर्ड लागला होता ना’

पोळा तोंडावर आलाय, घरात पुरणाची डाळ निवडून ठेवलीय आणि टेबलावर तुमची पत्रं. या वेळी तीनच घेतली. पहिल्याला जागा जास्त गेली आहे. त्यात घर तारण ठेवायची गोष्ट आहे आणि बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढल्यावर अशा पत्रावरून नजर पुढे सरकत नाही.

ताई, नागपूरच्या गांधीबागेत आमची प्रेस आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केली, २००६ पासून मी सांभाळतो. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. पण आता लोक दीडशे-दोनशे पत्रिका छापतात, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. म्हणून मिठाईचे आणि औषधांचे खोके छापायचं मनात आहे. हिंगणा एमआयडीसीत भाड्याची शेड, चार रंगांचं सेकंडहँड ऑफसेट, डाय-कटिंग. कर्ज ८५ लाख, राहतं घर तारण. माझ्या वर्गमित्राने बुटीबोरीत असंच धाडस केलं, आज बेशाला त्याचा बंगला आहे. बायको नको म्हणते. जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी टाकली तेव्हा त्यांनाही लोक हसलेच होते ना? पण तीन महिने झाले, रात्री झोप नाही. वय ४४.

आधी जमशेटजी. बँकेत माझ्या टेबलासमोर बसलेल्या निदान वीस जणांनी ही गोष्ट मला ऐकवली असेल. एम्प्रेस मिलसाठी त्यांनी स्टेशनजवळची दलदलीची जागा घेतली, एका सावकाराने ‘हा माणूस चिखलात सोनं ओततोय’ म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि पुढे त्यानेच कबूल केलं की यांनी माती टाकून सोनं काढलं. गोष्ट झकास आहे. पण ती चिखलापासून सुरू करतात, तिथे घोटाळा होतो. त्याआधी जमशेटजींनी मुंबईत चिंचपोकळीला बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, चालवून दाखवली आणि विकली. मग लँकेशायरला जाऊन हा धंदा नीट बघून आले. नागपूरला रेल्वे १८६७ लाच पोचली होती, कापूस चारी बाजूंना होता, कोळसा वरोऱ्याला. कंपनी १८७४ ची, भांडवल १५ लाख, गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. म्हणजे चिखलात सोनं ओतायच्या आधी त्यांनी एकदा छोट्या भांड्यात ओतून पाहिलं होतं. तुमच्या पत्रात चिखल आहे, हिंमत आहे, पण ते छोटं भांडं मला कुठे दिसलं नाही.

आता आकडे. ८५ लाख, सात वर्षं, व्याज साडेदहा टक्के धरलं तर हप्ता येतो महिन्याला सुमारे १ लाख ४३ हजार. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरा. रोज शटर वर करायच्या आधीच तुम्ही ५,७०० रुपये देणं लागता. शेडचं भाडं, वीज, ऑपरेटरचा पगार, खोक्यांच्या पुठ्ठ्याची उधारी हे सगळं त्याच्यानंतर. एका खोक्यामागे तुमच्या हातात रुपया उरला असं समजा, तर रोजचे ५,७०० खोके नुसते बँकेचे. आणि तुमचे पैसे? लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असं २००६ चा कायदा सांगतो. पण मिठाईवाला दिवाळीचा माल उचलतो आणि संक्रांतीला तिळगूळ हातात ठेवून ‘थोडे थांबा भाऊ’ म्हणतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

हे सगळं मी कोणत्या तोंडाने सांगतेय तेही सांगून टाकते.

२०११ साल असेल. चाळिशीतले एक गृहस्थ संत्रा बर्फीच्या छोट्या कारखान्याची फाईल घेऊन आले. फाईल इतकी देखणी की बघत राहावं. बारा महिन्यांची विक्री मांडलेली आणि बाराही महिने चांगले. आता संत्र्याचं आपल्याकडे कसं असतं? आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. उरलेल्या महिन्यांत बर्फी करायची तर गर साठवावा लागणार, आणि त्या कोल्ड स्टोरेजचा खर्च फायलीत कुठेच नव्हता. मला तो दिसला. मी पेन्सिलीने समासात गोलही केला. पण मार्च महिना होता, शाखेचं टार्गेट अपुरं होतं. मी सही केली.

दोन वर्षांनी वसुलीसाठी त्यांच्या शेडवर गेले. मे महिन्यातली दुपार, पत्रे तापून आवाज करत होते. आत स्टीलची मोठी कढई होती, वर प्लास्टिक, आणि कंपनीचा स्टिकर न काढलेला. बाहेर बोर्ड मात्र लखलखीत, सकाळीच पुसल्यासारखा. ते काही भांडले नाहीत, मला माठातलं पाणी दिलं. मी विचारलं, भाऊ, हे चालणार नाही हे तुम्हाला केव्हा कळलं?

‘सहाव्या महिन्यातच समजलं होतं मॅडम,’ ते म्हणाले. ‘पन बोर्ड लागला होता ना. सासरे आले होते उद्घाटनाले.’

म्हणजे पुढचं दीड वर्ष त्यांनी जे पैसे घातले, ते बर्फीत घातलेच नव्हते. बोर्डात घातले. आणि तो बोर्ड लागायला माझी सही होती.

म्हणून भाऊ, मशीनचं कोटेशन आणायच्या आधी एका कागदावर लिहा : किती महिने आणि किती लाख गेल्यावर मी थांबणार. आज लिहा, कारण आज सासरे यायचे आहेत. एकदा नारळ फुटला की हा आकडा कोणालाच दिसत नाही. तो कागद बायकोच्या हवाली करा. घर तारण ठेवताना बँक बहुधा तिचीही सही मागेल, तिला ‘घाबरते’ म्हणून बाजूला सारू नका. माझ्या अनुभवात कर्जाच्या कागदावर सर्वांत उशिरा सही करणारी बाई बरेचदा फाईल सर्वांत नीट वाचून आलेली असे.

दुसरं, छोटं भांडं. दिवाळीपासून सहा महिने मशीनशिवाय खोक्यांचा धंदा करा. ऑर्डर तुम्ही घ्या, छपाई दुसऱ्याकडे जॉबवर्कवर, कटिंग तिसऱ्याकडे. मार्जिन जवळपास नाहीच उरणार, चालेल. कोणता गिऱ्हाईक परत येतो, कोण पैसे लटकवतो, औषधकंपनीचा खरेदीवाला रंगाच्या एका छटेच्या फरकासाठी किती माल परत पाठवतो, हे तुम्हाला त्या उरलेल्या चार पैशांत कळेल. ८५ लाखांत कळण्यापेक्षा ते स्वस्त.

आणि मित्राचा बंगला. बुटीबोरीत ज्यांच्या शेडला कुलूप लागलं ते वास्तुशांतीला बोलवत नाहीत, त्यामुळे त्यांची गोष्ट तुमच्यापर्यंत यायची सोयच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारा तो पुतळा, निघेल तेव्हा तो बंगलाही तिच्याबरोबर देऊन टाका. घेऊन जा गे मारबत!

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर छापलं नाही, इथे घेते. ‘सकाळी प्रेस उघडली की शाईच्या वासाने मन लागतं.’ हिंगण्याच्या शेडचा तिसऱ्या वर्षातला कोणताही एक मंगळवार डोळ्यांसमोर आणा. उद्घाटनाचा दिवस नको, मंगळवार. सकाळी नऊ, ऑपरेटर आलेला नाही, तुम्ही केबिनमध्ये फोनवर, बिलासाठी तिसऱ्यांदा. शाईशी तुमचा संबंध फक्त तिच्या बिलापुरता. हा मंगळवार तुम्हाला आवडला तर जरूर कर्ज घ्या, फाईल कशी करायची ते मी घरी बोलावून सांगेन. नाही आवडला, तर लहान प्रेस ठेवून नीट जगणं यालाही धंदा म्हणतात, भाऊ.

काकू, मी २८ वर्षांची, नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पगार ५२ हजार. पुण्याहून ९५ हजारांची ऑफर आली आहे. घर मानेवाड्याला, आई-बाबांबरोबर. मला खरंतर इथेच बरं वाटतं. पण तसं म्हटलं की मैत्रिणी म्हणतात, तुला ॲम्बिशनच नाही. आनंद महत्त्वाचा की करिअर?

अगं, हा प्रश्न असा विचारलास तर उत्तर कोणाकडेच नाही. पैशाने आनंद वाढतो का, यावर मोठ्या लोकांनीही मत बदललंय. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेलवाल्यांनी २०१० साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून मांडलं की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास रोजच्या सुखाची चढण थांबते. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकाला उलटं दिसलं, ती चढतच जाते. मग भांडत बसण्याऐवजी कानेमन आणि तो एकत्र बसले आणि २०२३ मध्ये मिळून लिहिलं की बहुतेकांचं सुख कमाईबरोबर वाढतच राहतं, फक्त जे मुळातच फार दुःखी आहेत त्यांना एका हद्दीपलीकडे पैसा कामी येत नाही. मला यातला निष्कर्ष जेवढा आवडला त्याहून जास्त आवडलं ते ऐंशीच्या घरातल्या नोबेलवाल्या माणसाचं ‘माझं अर्धं चुकलं’ म्हणणं. पण हे हजारो लोकांचे आकडे आहेत, मानेवाड्याच्या एका मुलीने काय करावं ते त्यात नाही.

तू एवढं कर. पुण्याच्या त्या टीममध्ये दोन वर्षं काढलेली एखादी मुलगी शोध आणि तिला फोन लाव. ‘कसं आहे गं तिथे?’ असं अजिबात विचारू नकोस, सगळे ‘मस्त’ म्हणतात. ‘काल काय काय केलंस?’ विचार. किती वाजता निघाली, कोड किती वेळ लिहिला, मीटिंगा किती, घरी आल्यावर जेवण कोणी केलं. मग तुझा स्वतःचा कालचा दिवस तिच्या दिवसाशेजारी लिही. खापरीहून मेट्रोत बसायला मिळतं की नाही, हेसुद्धा लिही. ४३ हजारांच्या फरकातून पुण्याचं भाडं, खाणं, नागपूरच्या फेऱ्या वजा कर. उरेल तो त्या दोन दिवसांमधला भाव. काम जर तिथे खरंच वेगळं असेल, इथे शिकायला मिळणार नाही असं असेल, तर मात्र पगार बाजूला ठेवूनही जा.

एक गोष्ट करू नकोस. ‘आई-बाबांसाठी थांबले’ असं म्हणू नकोस. मी २००८ मध्ये बढतीवर रायपूरला गेले ते ‘घरासाठी’ म्हणून. पाटीवर नवं पद आल्याचा आनंद मला साधारण तीन आठवडे पुरला, आणि पुढची तीन वर्षं मी घरच्यांना फोनवर त्याचं बिल पाठवत होते. राहायचं तर ‘मला इथे बरं वाटतं’ म्हणून राहा, आणि मैत्रिणींनाही तेच सांग. हे पुरेसं कारण आहे, त्याला आणखी कारण जोडावं लागत नाही.

काकू, बाबांचा तर्री-पोह्याचा ठेला आहे, २२ वर्षांपासून. सकाळी सहाला लागतो, साडेदहाला गंज (मोठं पातेलं) रिकामा झाला की बंद. लोक परत जातात! मी आत्ताच एमबीए केलं. दुसरी शाखा, ॲपवरून डिलिव्हरी, संध्याकाळचं शिफ्ट असा प्लॅन करून दिला, तर बाबा हसले आणि म्हणाले, ‘मंग मी झोपू केव्हा बे?’ त्यांना वाढायचंच नाही, काय करू?

बाबांनी तुझ्या प्लॅनमधली मोठी चूक पाच शब्दांत दाखवली, आणि फीसुद्धा घेतली नाही. तर्री कोण करणार ते तू लिहिलंच नाहीस ना! रात्री हरभरे भिजत घालणं, पहाटे मसाला वाटून तेल सुटेपर्यंत परतणं, हे सगळं एकाच माणसाचे हात करतात, आणि तो माणूस साठीला आलाय. दुसऱ्या शाखेत लोक तीच तर्री मागणार. आणि ॲपच्या डब्यात पंचवीस मिनिटं बंद राहिलेल्या पोह्यांचा लगदा होतो, शेव मऊ पडते. कमिशन जाऊन उरतं किती, हेही मांडून पाहा.

पण तुझंही सगळं चूक नाही. साडेदहानंतर परत जाणारी माणसं खरी आहेत. पंधरा दिवस पहाटे चारला बाबांबरोबर ऊठ, लॅपटॉप घरी ठेव. रोज किती जण परत गेले त्याच्या काड्या एका वहीत मार. दहा निघाले तर विसरून जा. शंभर निघाले तर आधी तू तर्री शिक, मग बाबांना एक मोठा गंज घेऊन दे आणि नंतर बोल.

आणि हो, ठेला नेमका कुठे आहे ते पत्रात लिहिलं नाहीस. कळव. साडेदहाच्या आत पोचेन.