पंप बंद केला तरी पाणी थांबेना, आणि आणखी तीन प्रश्न

उन्हाळा लागला की सगळ्या इंदूरला एकदम आपली गच्ची आठवते, त्यामुळे या वेळी प्रश्नांचा ढीग आलाय. चार निवडलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्ते, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेमध्ये आम्ही सगळे आठ दिवस गावी जाणार म्हणून आईच्या दहा कुंड्यांसाठी नोडएमसीयू (प्रोग्राम टाकता येणारं छोटं बोर्ड), ओलावा मोजणारा सेन्सर, रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि ५ व्होल्टचा छोटा पंप असं सगळं जोडलं. पंप बादलीत, बादली स्टुलावर, कुंड्या खाली. आता होतं काय की रिले टक करून बंद होतो, पंपही थांबतो, पण पाणी वाहतच राहतं आणि बादली रिकामी. कोड कितीदा तरी तपासला. आणि सेन्सर पाणी घातल्यावरसुद्धा कधीकधी कोरडंच दाखवतो. आई म्हणते, यापेक्षा शेजारच्या काकूंना सांगून जाऊ. (सुदामा नगर)

उत्तर: आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये, पण ते नंतर. कोडच्या मागे लागू नकोस, त्याचा काही दोष नाही. बादली वर आणि नळीचं तोंड खाली, म्हणजे नळी एकदा भरली की सायफन सुरू होतो (पाणी पंपाशिवायच खाली ओढलं जातं), आणि हे छोटे पंप बंद असताना पाणी अडवत नाहीत, ते त्यांच्यातून आरामात वाहून जातं. नळी नुसती उंचावरून वळवून आणली तरी उपयोग नाही. बादलीच्या आतच, पण पाण्याच्या वर राहील अशा जागी नळीला टाचणीपेक्षा जरा मोठं भोक पाड. पंप चालू असताना तिथून थोडी पिचकारी उडेल ती बादलीतच पडेल, आणि पंप थांबला की भोकातून हवा आत जाऊन सायफन तुटेल.

आता सेन्सर. तुझ्याकडे दोन उघड्या काट्यांचा असेल तर तो बाजूला ठेव, सतत करंट दिला की ओल्या मातीत त्याचं तांबं झिजतं आणि रीडिंग भरकटतं. तोच वापरायचा असेल तर रीडिंग घ्यायच्या क्षणापुरताच करंट दे. त्यापेक्षा कपॅसिटिव्ह, म्हणजे उघडे काटे नसलेला सेन्सर घे, फक्त त्याचं वरचं सर्किट उघडं असतं आणि कडांमधून ओल आत शिरते, तिथे नेलपॉलिशचे दोन हात मार. एक लक्षात ठेव, यात माती जितकी ओली तितका आकडा कमी येतो, म्हणून आधी हवेत आणि मग ग्लासभर पाण्यात, सर्किट वर ठेवून, धरून दोन्ही आकडे लिहून घे.

पण मला खरा संशय तुमच्या मातीवर आहे. कुंडीत आपली माळव्याची काळी माती भरली असणार ना? ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि सेन्सरच्या भोवतीही. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, सेन्सर हवेत लटकल्यासारखा 'कोरडं कोरडं' ओरडतो आणि पंप बिचारा पुन्हा सुरू. म्हणून कोडमध्ये सेन्सर काहीही म्हणो, एका वेळी पंप किती सेकंद चालणार याची कमाल मर्यादा घाल आणि त्यानंतर अर्धा तास सक्तीची विश्रांती, पाणी मुळापर्यंत पोचायला वेळ लागतो. मातीत एक भाग कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट मिसळलंस तर निम्मा त्रास तिथेच संपेल. रिले बोर्डाच्या डी१ किंवा डी२ या पिनेवर लाव. डी३, डी४, डी८ या पिना बोर्ड सुरू होताना भलतंच वागतात, आणि आपल्याकडे वादळी वाऱ्यात लाइट जाते-येते तेव्हा रिले उगाच कडकड करेल.

आणि हिशोब केलास का? १२ इंची कुंडी मेच्या उन्हात रोज लिटरभर तरी पिते. दहा कुंड्या, आठ दिवस, म्हणजे ८० लिटर. बादलीत काय होणार? ड्रम ठेव, आणि जमिनीवर ठेवला तरी त्यातलं पाणी कुंडीच्या तोंडापेक्षा वर असतंच, म्हणून भोक तिथेही हवं. मात्र ड्रम रिकामा होत गेला की ५ व्होल्टचा पंप दम टाकतो, महारानी रोडवरून १२ व्होल्टचा आण आणि वीजपुरवठा वेगळा दे. कोरडा चालला तर जळेल, तेवढं बघायला आणि मधे एकदा ड्रम भरायला काकूंना किल्ली देऊन जा. म्हटलं होतं ना, आईचं टाकाऊ नाहीये.

प्रश्न: नमस्कार. निवृत्तीनंतर रविवारचे पोहे माझ्याकडे आलेत. मुलं, नातवंडं एकेक करून उठतात म्हणून पोहे करून राइस कुकरमध्ये 'वॉर्म'वर ठेवतो, तर तासाभरात कडक. दुकानातले सकाळभर मऊ कसे राहतात? (लोकमान्य नगर)

उत्तर: काका, कुकर गरम ठेवतो पण वाफ देत नाही, खालून तापवून पोह्यातलं पाणीच काढून घेतो. दुकानात नीट बघा, पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर बसवलेलं असतं. तुमचा कुकर जाळीवाला असेल तर काम झालं: खाली पाणी, वर जाळीत पातळ कापड, त्यावर पोहे, आणि झाकणाखाली एक फडकं, नाहीतर झाकणाचे थेंब पडून लगदा होतो.

दुसरं म्हणजे पद्धत. आपण मराठी लोक कांदेपोहे करतो, कांदा परतून फोडणीत पोहे घालतो, आणि मग तेच वाफेवर इंदोरी व्हावेत अशी अपेक्षा धरतो! इंदोरीत जाड पोहे धुऊन, निथळून, मीठ-साखर-हळद त्यांनाच चोळून दहा मिनिटं ठेवायचे, फोडणी बेताच्या तेलाची आणि त्यात बडीशेप हवीच, कांदा मात्र कच्चा, वरून, वाढताना. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदोरी मसाला) हीही वाढतानाच, आधी घातली तर शेव मेली. लिंबू पातेल्यात पिळू नका, प्रत्येकाच्या ताटलीत. कांदेपोहे की वाफेचे इंदोरी, यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत आणि मी वाफेच्या पक्षात आहे, एवढंच सांगते.

प्रश्न: ताई, माझ्या कढीपत्त्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ताक घातलं, कुंडीत गंजके खिळे पुरले, काही फरक नाही. (राजेंद्र नगर)

उत्तर: शिरा हिरव्या आणि कोवळं पान पिवळं, म्हणजे लोह कमी पडतंय. जुनी, खालची पानं अशी झाली असती तर मी मॅग्नेशियम म्हटलं असतं. गंमत अशी की मातीत लोह असतंच, पण काळी माती चुनखडीची आणि अल्कधर्मी, त्यात ते असं अडकून बसतं की मुळांना उचलता येत नाही. मग गंजके खिळे पुरून काय होणार, गंज म्हणजे तेच अडकलेलं लोह! ताकाने झाडाचं वाईट होत नाही, पण एवढ्या चुन्यापुढे वाटीभर ताक काय करणार, मुंग्या मात्र येतात.

बियाण्या-खतांच्या दुकानातून हिराकस (फेरस सल्फेट) आणा, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, गाळून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडलं तर तांबूस डाग पडतो आणि तो निघत नाही, आधी पेपर अंथरा. फवारल्यावर काही दिवस ती पानं फोडणीत घालू नका, नंतर धुऊन घ्या. मातीसाठी चिलेटेड (मातीत अडकू नये म्हणून बांधलेलं) लोह मागाल तर ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, साधं ईडीटीए आपल्या मातीत लवकर निकामी होतं. आणि पाणी कमी करा हो, कुंडी सतत ओली राहिली की हाच पिवळेपणा वाढतो.

प्रश्न: २० लिटरच्या बादलीत कंपोस्ट करतो, त्यात तापमानाचा सेन्सर लावलाय. व्हिडिओत ६० डिग्री दाखवतात, माझं ३४च्या वर जात नाही आणि वास येतो. बंद करून कचरा गाडीत देऊ का? (रामबाग)

उत्तर: ६० डिग्रीला साधारण घनमीटरभर ढीग लागतो, बादलीतली उष्णता चारी बाजूंनी निघून जाते. ३४ चालतंय, खत होईल, सावकाश होईल. वास येतोय कारण सगळं ओलंच टाकताय, प्रत्येक वाटी ओल्या कचऱ्यामागे दोन वाट्या वाळलेली पानं चुरून घाला आणि आठवड्यातून एकदा ढवळा. सेन्सर काढून दह्याच्या भांड्याला लावा, बाहेरून, तिथे ४० डिग्रीच्या आसपास काय चाललंय ते कळणं जास्त कामाचं.

गाडीत द्यायला हरकत काहीच नाही, आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी (कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या) प्लांटला जातो, २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन कचऱ्याची क्षमता होती. उरलेली भाजी, तेलकट डबा, आंब्याच्या कोयी तिकडे जाऊ द्या, सालं आणि चहाचा चोथा तेवढा बादलीत ठेवा.