वंचित म्हणजे फक्त गरीब नव्हे

तुमचा प्रश्न असा: 'वंचित' म्हणजे नेमकं काय, गरिबांनाच वंचित म्हणतात का, आणि वाक्यात हा शब्द कसा वापरायचा?

जे हक्काचं आहे ते ज्याला मिळू दिलं जात नाही, तो वंचित. यात 'मिळू दिलं जात नाही' याला खरं वजन आहे. संस्कृतात 'वञ्च्' या धातूचा अर्थ फसवणे. वंचना, प्रवंचना, आत्मवंचना हे शब्द त्याच धातूचे, आणि वंचित म्हणजे मुळात फसवला गेलेला. मराठीत फसवणुकीचा अर्थ आता मागे पडलाय, पण कोणीतरी अडवून धरलंय ही छटा शब्दात अजून आहे. ती जपायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून गरीब आणि वंचित हे एक नव्हेत. सधन घरातल्या मुलीचं शिक्षण दहावीनंतर बंद केलं, तर ती गरीब नाही, पण शिक्षणापासून वंचित आहे. शिक्षण हक्क कायद्यानेही (२००९) हा फरक ठेवलाय. त्यात 'दुर्बल घटक' पालकांच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरतो. 'वंचित गट' ठरतो तो अनुसूचित जाती-जमाती, सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण अशा कारणांवरून. पुढे अपंग मुलांचाही त्यात समावेश झाला.

या शब्दाचा अर्थ मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो महाडच्या चवदार तळ्यात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले या सदस्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तळ्यात पाणी होतं, ठराव कागदावर होते, तरी माणसं त्या पाण्यापासून वंचितच होती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह केला, आणि त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पाण्याची टंचाई असती तर 'पाणी नव्हतं' म्हणून भागलं असतं. इथे 'वंचित' हाच शब्द लागतो.

आता वापर. ज्या गोष्टीला मुकावं लागलं तिला 'पासून' लावायचं: मतदानापासून वंचित, उपचारांपासून वंचित. 'उपचारांना वंचित' कानाला खटकतं. 'ना' हवं असेल तर 'उपचारांना मुकले' किंवा 'पारखे झाले' म्हणा. लिंग-वचनाने शब्द बदलत नाही: वंचित मुलगा, वंचित मुली. नाम म्हणूनही चालतो, 'वंचितांचे प्रश्न'. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या वंचित बहुजन आघाडीमुळे तर बातम्यांत नुसतं 'वंचित' म्हटलं की पुष्कळदा तो पक्षच अभिप्रेत असतो, तेव्हा संदर्भ बघा. लिहिताना 'चि' ऱ्हस्व, 'वंचीत' चूक. नको असलेल्या गोष्टीला हा शब्द लावू नये. 'आजारापासून वंचित' असं होत नाही, तिथे 'मुक्त' किंवा 'दूर' म्हणायचं.

सगळ्यात जास्त लक्ष क्रियापदाकडे द्या. 'पात्र विद्यार्थी शिष्यवृत्तीपासून वंचित राहिले' ही बातमीतली नेहमीची वाक्यरचना. वाचताना वाटतं, बिचारे आपोआपच राहिले! 'वंचित ठेवलं' म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी ठेवलं? महापुरामुळे परीक्षेला पोचता आलं नाही, तर 'राहिले' ठीक. अर्ज टेबलावर पडून राहिला असेल, तर 'ठेवलं' हेच खरं. 'वंचित ठेवण्यात आले' या सरकारी वळणात मात्र ठेवणारा पुन्हा गायब होतो.

तुम्हाला हा शब्द तक्रारअर्जात वापरायचा असेल, तर असं लिहा: 'मी पात्र असून अर्ज मुदतीत दिला होता. आपल्या कार्यालयाने त्यावर निर्णय न घेता मला या योजनेच्या लाभापासून वंचित ठेवले आहे.' खाली अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक टाका.