पेजेबरोबर खारे नको, मग काय?

प्रश्न : वय ५४. रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, पण पेजेबरोबर चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) किंवा भाजलेला खारा बांगडा नसला तर घास उतरत नाही. काय करावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मीठ एकदम तोडू नका. अळणी जेवण चार दिवस टिकते, मग हात पुन्हा बरणीकडे जातो. आमटी-हुमणातले (हुमण म्हणजे माशांची आमटी) मीठ दर आठवड्याला थोडे थोडे उतरवा; काही आठवड्यांत जीभ सरावते. दिवसाला एका माणसामागे ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. लोणचे, पापड, फरसाण, पाव सगळे यातच मोजायचे.

खरी गोम आंबटात आहे. हुमणात तिरफळे आणि सोले (आमसुले) वाढवली की मीठ कमी पडल्याचे जाणवत नाही. मात्र आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असते. सोलकढीला बिनमिठाची सोले भिजवून घ्या. भाजी शिजताना मीठ घालू नका, उतरवताना चिमूटभर पेरा. वरचे मीठ जिभेला आधी लागते.

खारा बांगडा पाणी बदलत भिजवला तरी बराच खारट राहतो, म्हणून तो क्वचितच. पेजेबरोबर ताज्या खोबऱ्याची, कैरीची चटणी करा.

सैंधवही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचे ठरते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.