फरक आला म्हणून ईआय कापतात का?

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अनुदानित शाळेत नऊ वर्षं नोकरी झालीय, पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी, हातात आहे, पुढच्या वर्षी इथे ऑन्टॅरिओ प्रांतात ब्रॅम्प्टनला येताय. सुरुवातीला एलटीओ, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या जागी काही महिन्यांचं काम मिळेल. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ईआय, म्हणजे इथला बेरोजगारी विमा, मिळेल का? आणि मध्येच पगारवाढीचा फरक (मागची थकबाकी) किंवा बोनस आला तर तो त्यातून वळता करतात का?

फरकाबद्दल आधी, कारण तिथे मी स्वतः हात पोळून घेतलाय. आपल्याकडे सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, पगारात २०१९ मध्ये आला आणि मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत. इथे आयोग नाही, पण फरक आहे. ऑन्टॅरिओ सरकारने २०१९ मध्ये ‘बिल १२४’ आणून सरकारी नोकरांची पगारवाढ तीन वर्षांसाठी वर्षाला १ टक्क्यावर अडवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं, आणि शिक्षकांना मागच्या वर्षांचा फरक मिळाला.

तो आला तेव्हा मी पॅरेंटल, म्हणजे बाळाच्या संगोपनाच्या रजेवर होते आणि त्या रजेत मिळणारी ईआय चालू होती. ईआय चालू असताना काही कमाई झाली तर ती कळवावी लागते. पगाराच्या स्लिपवर फक्त ‘अ‍ॅडजस्टमेंट’ लिहिलेलं. मी प्रामाणिकपणे सगळी रक्कम कमाई म्हणून टाकली आणि त्या आठवड्यांची ईआय जवळजवळ शून्य झाली! नवऱ्याने नियम उघडून दाखवला. ईआय रेग्युलेशन्सच्या कलम ३५(७)(ड) मध्ये स्वच्छ लिहिलंय की पगारातली पूर्वलक्षी वाढ ही ‘कमाई’ धरायचीच नाही. शाळा मंडळाच्या पगार विभागाकडून ही रक्कम कोणत्या वर्षांच्या पगारवाढीची आहे याचं पत्र घेतलं आणि कळवलेला आकडा दुरुस्त करून घेतला. पत्र मिळायला पाच आठवडे लागले, हे आपल्या वेतन पथकाच्या मानाने बरंच म्हणायचं.

बोनसचं तसं नाही. बोनस कमाईच आहे, पण तो कोणत्या आठवड्यांत मोजायचा हे पैसे कधी आले त्यावर ठरत नाही. ज्या काळात काम केलं त्या काळात तो टाकतात. गेल्या शाळावर्षाच्या कामाचा बोनस तुम्हाला रजेत मिळाला तर तो मागच्या आठवड्यांत जातो, आजच्या ईआयला हात लागत नाही. ईआय चालू असतानाच्या कामाचा असेल तर मात्र त्या आठवड्यांत धरतात: दर डॉलरमागे ५० सेंट ईआयमधून कमी, आणि ईआय ज्या साप्ताहिक पगारावर ठरली त्याच्या ९० टक्क्यांच्या वर गेलात की डॉलरला डॉलर. पगाराचा नवा करार झाल्याबद्दल म्हणून ठोक रक्कम मिळाली तर ती फरकासारखी दिसते, पण तिला पगारवाढीची सूट आपोआप लागू होईल असं धरू नका. पैसे कशाबद्दल आहेत ते मंडळाकडून लेखी घ्या.

फरकाने ईआयचा दर वाढतो का? दर म्हणजे तुमच्या चांगल्या पगाराच्या १४ ते २२ आठवड्यांच्या सरासरीच्या ५५ टक्के. किती आठवडे ते तुमच्या भागातल्या बेरोजगारीवर ठरतं. २०२५ साठी कमाल आठवड्याला ६९५ डॉलर होती. त्या वर्षी वार्षिक ६५,७०० डॉलरच्या वर पगार असेल तर तुम्ही आधीच त्या छपराला टेकलेल्या, फरक आला काय नि न आला काय. सुरुवातीच्या सप्लाय टीचरला, म्हणजे एकेक दिवस बदलीवर जाणाऱ्या शिक्षिकेला मात्र याने फरक पडू शकतो (शब्दाला इलाज नाही). फरकावरही ईआयचा हप्ता कापला जातो, म्हणून अर्जाआधी तो मिळाला असेल तर आरओईवर, म्हणजे नोकरी थांबल्यावर मालक देतो त्या नोंदीवर, दिसतोय ना ते बघा.

आता एक छुपी खोच. फरक आठवड्याच्या ईआयमधून कापत नाहीत, पण त्या वर्षाच्या उत्पन्नात तो धरला जातोच. २०२५ मध्ये निव्वळ उत्पन्न ८२,१२५ डॉलरच्या वर गेलं तर साध्या (काम गेल्यावर मिळणाऱ्या) ईआयचा काही भाग टॅक्स भरताना परत द्यावा लागू शकतो. प्रसूती आणि पॅरेंटल रजेच्या ईआयला हे लागू नाही, म्हणून मी वाचले. फरकावरच्या टॅक्सच्या सवलतीसाठी आपल्याकडे फॉर्म १०ई भरतो तसा इथे टी११९८ आहे. लवादाने किंवा कोर्टाने दिलेला, मागच्या वर्षांचा ३,००० डॉलर किंवा जास्त फरक असेल तर त्याचा उपयोग होतो.

खरी अडचण उन्हाळ्याची आहे. त्याच रेग्युलेशन्सच्या कलम ३३ प्रमाणे शाळेच्या सुट्टीत शिक्षकाला साधी ईआय नाही. अपवाद तीन: करार खरोखर संपला असेल, काम कॅज्युअल किंवा बदली स्वरूपाचं असेल, किंवा शिकवण्याव्यतिरिक्त दुसऱ्या नोकरीच्या तासांवर तुम्ही पात्र ठरत असाल. सप्लाय टीचर म्हणजे आपल्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची चुलत बहीण, तिला बहुधा मिळते. एलटीओ मात्र ठरलेल्या वर्गावर ठरलेल्या मुदतीचा करार असतो, तो कॅज्युअल धरतीलच असं नाही. आणि जून संपायच्या आत सप्टेंबरच्या कामाची ऑफर स्वीकारलीत, तर ‘करार संपला’ हे म्हणणं लंगडं पडतं. ऑफर सोडा असं मी सांगणार नाही, नोकरी ईआयपेक्षा मोठी! फक्त त्या दोन महिन्यांचं भाडं आधीच बाजूला ठेवा. प्रसूती-पॅरेंटल ईआय सुट्टीतही चालू राहते, त्यासाठी कामाचे ६०० तास भरलेले हवेत.

तुमचा पहिला एलटीओ जूनमध्ये संपला की आरओईवर कारणाचा कोड बघा. काम किंवा करार संपल्याचा कोड ‘ए’ आहे. अर्ज शेवटच्या दिवसापासून चार आठवड्यांत करा, ऑगस्टची वाट बघू नका.