आईबद्दल चार मिनिटं बोलायचंय, काय बोलू?

प्रश्न : ताई, माझी आई गेल्या महिन्यात गेली. जन्म 1941 चा. आम्ही वसईचे, नंदाखालच्या बाजूचे सामवेदी ख्रिस्ती. येत्या शनिवारी तिची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आहे आणि फादर म्हणालेत घरातल्या कोणी एकाने चार मिनिटं बोला, जास्त नको. मी मोठी म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. तीन वेळा लिहून फाडलं, कारण दर वेळी तेच येतं, प्रेमळ होती कष्टाळू होती देवभक्त होती, हे तर कोणाच्याही आईबद्दल वाचतात. आमची आई साधी, चौथी शिकलेली, जन्मभर तांबडं लुगडं, वाडीत केळी आणि पानवेली, सकाळची मिस्सा कधी चुकवली नाही, संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, आणि त्यात कोणी डुलकी काढली की चिमटा, नातवंडांनाही सोडलं नाही. सुकेळी वाळत घालायची तेव्हा एका ओळीत दहाच केळी, अकरावं ठेवलं की ओरडायची, आम्हाला वाटायचं मोजायला सोपं म्हणून. आता अवघड गोष्ट. धाकट्या बहिणीने हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा आई गेली नाही, दोन वर्षं बोलली नाही, मग बहिणीला मुलगी झाली कळल्यावर एकटी उठून दादरला गाडी बदलून डोंबिवलीला गेली, पिशवीत सुकेळी घेऊन. भाऊ म्हणतो हे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, काढू नकोस. आणि शेवटचं, तिची रोझरी तुटलीय, तीन नाती त्यावरून भांडतायत आणि भाऊ म्हणतो आशीर्वादित वस्तू तुटली की वापरायची नसते. काय करू?
– आईची लाडकी नसलेली मोठी, वसई

उत्तर : अहो मोठीताई, तुम्ही भाषण लिहूनच पाठवलंय आणि वर विचारताय काय बोलू! ती दहा केळ्यांची ओळ परत वाचा बरं. रोझरीच्या एका रहस्याला, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाला, ‘नमो मरिया’ ही प्रार्थना किती वेळा? दहा. हात केळी सोलण्यात चिकट झालेले, माळ कशी धरणार, मग बाईने वाळवणाचीच माळ केली असणार, एक केळं एक नमो मरिया, ओळ बदलली की ‘स्वर्गातील बापा’ ही दुसरी प्रार्थना. पैजेवर नाही सांगत, पण तुमच्या मावशीला किंवा शेजारणीला, जी कोणी तिच्यासोबत सुकेळी घालायची तिला आजच फोन करून विचारा, ओठ हलायचे का तिचे. हो म्हणाली तर तुमच्या चार मिनिटांतली दीड मिनिटं झाली, आणि ‘देवभक्त’ हा शब्द उच्चारायची गरजच राहिली नाही.

जन्म 1941 चा म्हणजे पंचविशीपर्यंत तिने मिस्सा लॅटिनमधूनच ऐकली, फादर लोकांकडे पाठ करून उभे आणि मागे बायका आपापली रोझरी ओढतायत. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 65 झाली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली. पहिल्यांदा आपल्या भाषेत ऐकली तेव्हा कसं वाटलं हे तिने कधी सांगितलं होतं का? या पिढीच्या बायका मोठ्या हट्टीही होत्या हं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली रोझरीच्या जुन्या पंधरा रहस्यांत प्रकाशाची पाच रहस्यं घातली, गुरुवारी म्हणायची, तर आमच्या सासूबाई शेवटपर्यंत गुरुवारी जुनी आनंदाचीच रहस्यं म्हणायच्या, ‘एवढी वर्षं पंधरांत माझं भागलं’ म्हणून. तुमच्या आईचं गुरुवारी काय चालायचं ते बघा, असल्या गोष्टीला देवळात लोक हसतात आणि हसलेले बरे असतात. चिमटाही सांगा. नातवंडं समोरच बसलेली असणार, त्यांना दंडाला हात लावून आठवेल.

वाडी होती म्हणजे विहीरही असणार. टँकरवाले वसईच्या विहिरी उपसायला लागले आणि हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं त्या काळात तुमची आई मोर्चाला गेली होती का? गेली असेल तर ते ‘धार्मिक’ नाही म्हणून गाळू नका.

बोलायची वेळ फादरना विचारून घ्या, बहुतेक कम्युनियननंतर, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर वाटून झाल्यावर, देतात. प्रवचनात मृताचं कौतुक करायचं नसतं, म्हणून घरच्यांना ही वेगळी चार मिनिटं. फुलस्केपचं दीड पान पुरतं. आणि एक तरी वाक्य तिचं कादोडीत, तुमच्या सामवेदी बोलीत, जसंच्या तसं म्हणा, ओरडतानाचं असलं तरी चालेल, प्रमाण मराठीत ती बोललीच कुठे हो घरात.

आता बहीण. इथे तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. ते दुःख बहिणीचं आहे, तिला न विचारता ते वेदीजवळच्या माइकवरून सांगायचं नाही. पण निर्णय भावाचाही नाही. बहिणीला फोन करा, सरळ विचारा, ‘हे सांगू का?’ ती हो म्हणाली तर दोन वाक्यं फक्त, लग्नाला गेली नाही आणि मग डोंबिवलीला गेली. मध्ये स्पष्टीकरण घालू नका, आईच्या वतीने माफीही मागू नका. नको म्हणाली तर सोडून द्या. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत आईच्या रोझरीत कोणाचं नाव असायचं हे तुम्ही घरात ऐकलंच असेल, ते मात्र बहिणीला सांगा, माइकवर नाही, जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात.

रोझरीबद्दल भावाला सांगा की तुटलेली माळ दुरुस्त करून खुशाल वापरतात. अगदीच कामातून गेली तर कचऱ्यात टाकायची नाही, जमिनीत पुरायची किंवा जाळायची, एवढंच. मनाला लागत असेल तर फादरकडून पुन्हा आशीर्वाद करून घ्या. राहू दे ती त्या घरात जिथे संध्याकाळी अजून म्हटली जाते, आणि ओवायला तिन्ही नातींना एकत्र बसवा, भांडतील थोड्या. दोरी चांगली जाड घ्या. ओवायच्या आधी मणी मोजा, 59 भरायला हवेत, 53 नमो मरियाचे आणि 6 स्वर्गातील बापाचे. कमी भरले तर तिच्या उशीच्या खोळीत बघा, आमच्या सासूबाईंचे दोन तिथेच सापडले होते.