घरकामासाठी लेसर लेव्हल (भिंतीवर समतल रेघ पाडणारं यंत्र) कुठली घ्यावी, हिरवी का लाल?

हिरवीच घ्या. तेवढ्याच पॉवरला हिरवी रेघ डोळ्याला लालपेक्षा बरीच ठळक दिसते, फक्त बॅटरी जरा लवकर उतरते. कळंब्याला आमच्या किचनच्या टाइल्स लावताना गवंडीमामांची लेव्हल बघायची पाण्याची नळीच वापरात होती, ती चुकत नाही बघा, पण दोन माणसं अडकतात, लेसर लावल्यावर मामा एकटेच पट्टी मारून मोकळे झाले.

सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे यंत्र जरा तिरपं बसलं तरी रेघ आपोआप समतल होणं, पाहिजेच, आणि अचूकता १० मीटरला ±३ मिमी असली तरी घराला पुरते. स्लॅब किंवा कंपाउंडचं बाहेरचं काम असेल तर पल्स मोड आणि रिसीव्हरवालं बघा, कारण उन्हात रेघ दिसतच नाही; पल्स मोडमध्ये लेसर भराभर चालू-बंद होतो आणि रिसीव्हर हे छोटं यंत्र ती न दिसणारी रेघ पकडून दाखवतं.

आणि घेतल्यावर चेक कराच! ५ मीटरच्या खोलीत एका भिंतीला चिकटून ठेवा, दोन्ही भिंतींवर खूण करा, मग दुसऱ्या भिंतीजवळ नेऊन तिथल्या खुणेवर रेघ जुळवा आणि वळवून पहिल्या भिंतीवर बघा, ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सरळ बदलून घ्या. नेताना लॉक लावा, नाहीतर आतला लोलक आपटून बिघडतो.